नाशिकच्या घरात हॅलोविन, तेही कमी खर्चात

हॅलोविन दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी साजरा होतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांचा सुगी संपतानाचा जुना सण आणि १ नोव्हेंबरचा ख्रिस्ती संतदिन या दोहोंशी त्याचे नाते सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांनी तो अमेरिकेत नेला. मायदेशी ही माणसे सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत भोपळा मुबलक होता, म्हणून कंदाची जागा भोपळ्याने घेतली. म्हणजे शेतात जे पिकते त्यातूनच भूत उभे करायचे, अशी या सणाची मूळ रीत आहे. आपल्या शहरांतील सोसायट्यांमध्ये तो आला तो मात्र तयार पोशाख, प्लास्टिकचे सांगाडे आणि छापील पताका घेऊन. खर्च वाढतो तो इथेच.

नाशिकमध्ये ही पार्टी स्वस्तात करायची असेल तर थीमही नाशिकच्या ऑक्टोबरमधून आणि मराठी भुतांच्या गोतावळ्यातून घ्यावी. ड्रॅक्युलाचा झगा विकत आणावा लागतो. मुंजाचा पंचा घरात असतो.

थीम ठरवताना आधी मुलांचे वय पाहावे. सहा वर्षांखालील मुलांना भीती नको, गंमत हवी. त्यांच्यासाठी रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण योग्य ठरते. ती भीती दाखवते आणि हसवतेही. सात ते बारा वयोगटासाठी ‘मराठी भुतांची पंगत’ ही थीम सर्वांत सोयीची. वेताळ, मुंजा, हडळ, समंध, चकवा, झोटिंग, हाकामारी अशी पात्रे आयतीच मिळतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असल्याने पंधरा मुलांत पंधरा सारखे पांढरे झगे दिसत नाहीत. २०२४ च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटामुळे यातले एक पात्र मुलांच्या चांगले ओळखीचे झाले आहे. मोठ्या मुलांना आणि पालकांना १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू पुरतो. चौथी थीम खास या जिल्ह्याची, ‘मळ्यातली भुते’. द्राक्षबाग, मक्याचे शेत, कांद्याची चाळ आणि त्यात उभे बुजगावणे. सजावटीला ही सर्वांत स्वस्त पडते.

मुखवट्यांच्या बाबतीत या जिल्ह्याला शिकायला बाहेर जावे लागत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी पट्ट्यात आणि शेजारच्या जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर देव-दानवांची सोंगे नाचतात. बोहाडा हा श्रद्धेचा उत्सव आहे. त्यातल्या देवांच्या सोंगांची पार्टीत नक्कल करू नये. लगद्याचे तंत्र मात्र खुशाल घ्यावे.

तारखेचा विचार दिवाळीच्या बरोबरीने करावा लागतो. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. अशा वर्षी पार्टी आठवडाभर आधी उरकलेली बरी, कारण फराळाच्या गडबडीत कोणत्याच घराला सवड नसते. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे अडचण नाही. शिवाय पौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले असल्याने चंद्र रात्री उशिरा उगवेल आणि गच्चीवर पार्टी असेल तर अंधार फुकटात मिळेल. सहामाही परीक्षेचे वेळापत्रक मात्र शाळांकडून आधी पाहून घ्यावे. ऑक्टोबरअखेर नाशिकमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहा ते नऊ ही वेळ त्यामुळे उत्तम. नऊनंतर लहान मुले पेंगतात, किरकिर सुरू होते आणि गच्चीवर गारवाही जाणवू लागतो.

पाहुण्यांची संख्या हा खर्चाचा खरा लगाम आहे. दोन खोल्यांच्या घरात बारा ते पंधरा मुले आणि मदतीला चार-पाच मोठी माणसे एवढेच झेपते. एवढ्यांसाठी तीन हजार रुपयांची मर्यादा धरली तर निम्मे, म्हणजे दीड हजार, खाण्यासाठी ठेवावेत. सजावटीला पाचशे, मुखवटे आणि रंगांच्या साहित्याला तीनशे, खेळातल्या बक्षिसांना चारशे आणि ऐनवेळच्या गरजेसाठी तीनशे. हा हिशेब कागदावर मांडूनच बाजारात जावे. सोसायटीत तीन-चार घरांनी मिळून पार्टी केल्यास पैशांची वर्गणी काढण्यापेक्षा कामे वाटून घ्यावीत. एका घराने मिसळ, दुसऱ्याने गोड पदार्थ, तिसऱ्याने सजावट. पैशांचा हिशेब रेंगाळतो, कामाचा त्याच संध्याकाळी मिटतो.

निमंत्रण छापून घेण्याची गरज नाही. वापरलेल्या चहापत्तीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कोरा कागद जुन्या दस्तऐवजासारखा दिसतो. कडा चुरगाळून त्यावर मजकूर हाताने लिहावा आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवावा. निमंत्रणात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: घ्यायला येण्याची वेळ, पोशाख घरच्याच कपड्यांतून करायचा आहे ही सूचना आणि ‘कोणाला कशाची अॅलर्जी आहे का’ हा प्रश्न. पोशाखाची सूचना लिहिली नाही तर काही पालक आदल्या दिवशी महागडा ड्रेस घेऊन येतात आणि बाकीच्या मुलांचे चेहरे पडतात.

सजावटीत सर्वांत जास्त परिणाम प्रकाशाचा होतो आणि त्याला सर्वांत कमी पैसे लागतात. घरातल्या ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यांत, जमिनीलगत दोन-तीन बॅटऱ्या ठेवल्या की ओळखीच्या वस्तूंच्या सावल्या भिंतभर पसरतात. बॅटरीच्या तोंडाला लाल किंवा हिरवा जिलेटिन कागद लावावा. तापणाऱ्या बल्बला तो कधीही गुंडाळू नये. दारात पांढरी चादर टांगून तिच्यामागे एक बॅटरी ठेवली तर सावल्यांच्या खेळाचा पडदा तयार होतो. पुठ्ठ्याचे वटवाघूळ, घुबड, वाकडे झाड कापून काड्यांना लावले की पुढे गोष्ट सांगताना तेच कामी येतात.

ऑक्टोबरच्या अखेरीस बाजार दिवाळीच्या सामानाने भरलेला असतो. याचा फायदा घ्यावा. मागच्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा माळ्यावर असतोच. त्याला पांढरा पतंगी कागद लावून काळे डोळे चिकटवले आणि खाली लांब शेपट्या सोडल्या की तरंगणारे भूत तयार. पार्टीनंतर तोच सांगाडा रंगीत कागद लावून दिवाळीला वापरता येतो. कुंभाराकडची बोळकी आणि लहान मडकी काळ्या रंगाने डोळे-तोंड काढून ओळीने मांडावीत. आत छोटे बॅटरीचे दिवे ठेवावेत. मेन रोड, रविवार कारंजा, भद्रकाली या जुन्या नाशिकच्या भागात कागद, सुतळी, पताकांचे सामान सुटे मिळते. पण शेवटच्या शनिवार-रविवारी तिथल्या गर्दीत शिरण्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी खरेदी उरकावी.

‘मळ्यातली भुते’ या थीमसाठी जवळचा शेतकरी गाठावा. निफाड, दिंडोरी, चांदवड भागात याच सुमारास द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू असते आणि छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडतात. वेड्यावाकड्या, गाठीगाठीच्या या काड्या सुतळीने बांधून कोपऱ्यात उभ्या केल्या की विकतच्या प्लास्टिकच्या झाडाची गरज उरत नाही. मात्र या काड्यांवर फवारणीचे अंश असतात. त्या खाण्याच्या टेबलाजवळ ठेवू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत आणि नंतर शेकोटीत जाळू नयेत. मक्याची काढणीही झालेली असते. वाळलेली चार-पाच ताटे दाराच्या दोन्ही बाजूंना बांधली की शेताचा भास होतो. बुजगावण्यासाठी दोन काठ्यांची फुली, आजोबांचा जुना सदरा, कांद्याच्या गोणीत भरलेला पेंढा आणि डोक्याला पालथे मडके पुरे. हे एकच बुजगावणे दिवाणखान्याच्या मध्यावर उभे केले तर बाकी सजावट अर्ध्यावर आणता येते.

भोपळा हवाच असेल तर लाल भोपळा, ज्याला या भागात डांगरही म्हणतात, तो घ्यावा. भाजीवाले तो फोडीच्या हिशेबाने विकतात, म्हणून अख्खे डांगर आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात किंवा पंचवटीतल्या बाजार समितीच्या आवारात निवडीला वाव असतो. तीन-चार किलोचे, एका बाजूला सपाट असलेले आणि देठ शाबूत असलेले फळ पाहावे. आपल्याकडच्या डांगराची साल टणक आणि गर जाड असतो, त्यामुळे परदेशी चित्रांतल्यासारखे नाजूक नक्षीकाम त्यावर जमत नाही. तीन त्रिकोण आणि एक वाकडे तोंड एवढ्यावर समाधान मानावे. देठाभोवतीचे झाकण कापताना सुरी आतल्या बाजूला तिरकी धरावी, नाहीतर झाकण आत पडते. चमच्याने बिया आणि रेषा काढून चेहऱ्याच्या बाजूचा गर बोटभर जाडीचा राहील इतका खरवडावा. कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे, मुलांनी खडूने चेहरा आखून द्यावा. हवा अजून पुरती थंड झालेली नसते. कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून तो पार्टीच्या दिवशी सकाळीच कोरावा. खरवडलेला गर ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवावा, कारण गोडाचा बेत त्यावर उभा आहे.

पोशाखांत प्रत्येक भुताची एक ठळक खूण पकडली की पुरते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. त्याला पंचा, जानवे म्हणून पांढरा दोरा आणि लोकरीची शेंडी. समंध हा पुरलेल्या धनावर पहारा करतो. धोतर किंवा पांढरी लुंगी आणि कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा दिला की तो ओळखू येतो. हडळीची पावले उलटी असतात. चपलेच्या टाचेला पुठ्ठ्याची मागे वळलेली पावले चिकटवून केस मोकळे सोडावेत. भुतांचा राजा वेताळ घोंगडी पांघरतो, हातात काठी घेतो आणि त्याच्यापुढे दिवट्या चालतात. चकव्याचा पोशाख तर फुकटच आहे: सगळे कपडे उलटे घालायचे आणि मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, म्हणजे मूल येते आहे की जाते आहे तेच कळत नाही. शूर्पणखेचे सोंग घेणाऱ्या मुलीला नाशिकमध्ये पात्राची ओळख करून द्यावी लागत नाही. नाकावर कापसाची पट्टी एवढीच वेशभूषा.

लगद्याचा मुखवटा करायचा असेल तर चार-पाच दिवस हाताशी हवेत. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढावेत आणि त्यात मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ व थोडी मेथीची पूड मिसळावी. मेथीमुळे कीड लागत नाही. तेलाचा हात लावलेल्या पालथ्या वाडग्यावर पातळ थर थापून सावलीत वाळवावे. वेळ नसेल तर कागदी ताटली, दोन भोके आणि इलॅस्टिक यांवर काम भागते. चेहऱ्याला थेट रंग लावताना रंगपंचमीचे उरलेले रंग किंवा पोस्टर कलर वापरू नयेत. तांदळाच्या पिठीची पातळ पेस्ट पांढऱ्यासाठी, काजळ काळ्यासाठी आणि बिटाचा रस लालसाठी पुरेसा आहे. हेही आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

खाण्यात केक आणि पिझ्झा मागवले की तीन हजारांचा हिशेब तिथेच कोलमडतो. नाशिकमध्ये मुख्य पदार्थ म्हणून मिसळीला पर्याय शोधण्याचे कारण नाही. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजून केलेला काळा रस्सा अंधाऱ्या खोलीत शोभूनही दिसतो. पंधरा मुले आणि पाच मोठी माणसे धरली तर एक किलो मटकी पुरते. ती गुरुवारी रात्री भिजत घालावी, शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी, म्हणजे शनिवारी चांगले मोड आलेले असतात. तिखट रस्सा वेगळा ठेवावा आणि मुलांना मटकी कमी तिखटाच्या पातळ आमटीसारखी वाढावी. पाव चार डझन. फरसाण आणि चिवडा विकत आणलेला चालतो, तो या शहरात कुठेही चांगला मिळतो.

गोडासाठी डांगराचे घारगे करावेत. दोन वाट्या किसलेला गर आणि एक वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत शिजवावा. थंड झाल्यावर त्यात चिमूटभर मीठ, दोन चमचे गरम तेल, दोन चमचे तांदळाचे पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालावी. पाणी अजिबात घालू नये. घारगा थापल्यावर झाकणाने डोळे आणि सुरीने तोंड कापून तळावा. भोके पाडलेला घारगा फुगत नाही, हे सुगरणींना खटकेल. पण इथे त्याने भुतासारखे दिसणे महत्त्वाचे. भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, मिठाच्या पाण्याचा हबका मारून भाजल्या की आणखी एक वाटी भरते.

बाकीचे पदार्थ नावावर खपतात. छोट्या इडलीवर काळा मनुका दाबला की तो ‘डोळा’. नागलीचे गडद पापड तळून मोडले की ‘वटवाघळाचे पंख’. कोकम सरबताला ‘रक्त’ म्हणायचे. पदार्थांची नावे पुठ्ठ्यावर लिहून ताटांपुढे उभी करावीत. बर्फातून धूर काढण्यासाठी ड्राय आइस आणण्याचा मोह होतो. मुलांच्या पार्टीत तो टाळावा. त्वचेला लागला तर भाजल्यासारखी जखम होते आणि बंद खोलीत त्याचा वायू साचतो.

खेळ तीन-चार पुरतात, पण त्यांना थीमचा धागा हवा. ‘हाकामारी’त एक मूल पडद्यामागून आवाज बदलून कोणाचेही नाव पुकारते आणि बाकीच्यांनी हाक मारणारा ओळखायचा. पहिल्याच हाकेला ‘ओ’ देणारा बाद. ‘समंधाचा ठेवा’ म्हणजे घरभर लपवलेल्या चिठ्ठ्यांवरून बक्षिसांच्या डब्यापर्यंत पोचणे. अंधारात हात घालण्याच्या डब्यांत भिजवलेला सब्जा, थंड शेवया आणि नारळाच्या शेंड्या ठेवाव्यात. परदेशात मुले घरोघरी खाऊ मागत फिरतात. त्याऐवजी भोंडल्यातली खिरापत ओळखण्याची पद्धत घ्यावी: आधी सांगून ठेवलेल्या तीन-चार शेजाऱ्यांनी बंद डबा हलवून दाखवायचा, ओळखले तर खाऊ, चुकले तर भुताचा नाच. यात चॉकलेटांच्या पाकिटांचा खर्च वाचतो आणि खेळ लांबतो.

भुताटकीमागचे विज्ञान दाखवणारा खेळ दहा वर्षांपुढच्या मुलांना हमखास आवडतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने लिहिले की अक्षरे लाल उमटतात, कारण हळद अल्कलीच्या संपर्कात रंग बदलते. सुरीच्या पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवाव्यात आणि तिने लिंबू कापावे, रस लाल दिसतो. भोंदूबाबांची ही जुनी युक्ती अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत उघड करून दाखवली जाते. पार्टीतही करून झाल्यावर कारण सांगावेच, नुसता चमत्कार म्हणून सोडू नये.

शेवटचा अर्धा तास गोष्टीसाठी राखून ठेवावा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथासंग्रहांसाठी १८४० पासून चालू असलेले सार्वजनिक वाचनालय हाताशी आहे. निवडलेली कथा वाचणाऱ्याने आधी एकदा मोठ्याने वाचून पाहावी, मुलांच्या वयाला न पेलणारा भाग गाळावा आणि पंधरा मिनिटांत बसेल इतकी ती आटोपशीर करावी. आवाजासाठी स्पीकर लागत नाही. करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोड्याच्या टापा, पत्र्याचा तुकडा हलवला की गडगडाट.

शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कल्पना द्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे आणि निवासी भागात दिवसाही मर्यादा ५५ डेसिबलची आहे. त्याहून नाजूक बाब वेगळीच असते. लिंबू-मिरची, बिब्बा, काळी बाहुली, गुलाल टाकलेला भात असल्या वस्तू सजावटीत आणू नयेत. जिन्यात किंवा कोणाच्या दाराशी तर मुळीच ठेवू नयेत. मुलांना तो खेळ वाटतो, पण एखाद्या घरात आजारपण असेल तर त्या वस्तूचा अर्थ वेगळा लावला जातो आणि वाद पोलिसांपर्यंत जाऊ शकतो. म्हातारी माणसे, तान्ही बाळे आणि पाळीव प्राणी असलेली घरे मुलांच्या खाऊच्या फेरीतून वगळावीत.

आगीची काळजी पोशाखांपासून सुरू होते. नायलॉनच्या साड्या आणि कापूस झटकन पेटतात. मुलांच्या हातात मेणबत्ती, पणती किंवा खरा टेंभा देऊ नये. नारिंगी क्रेप कागद लावलेली बॅटरी वेताळाच्या दिवटीचे काम करते. जमिनीवर लोळणारे झगे घोट्याच्या वर दुमडून शिवावेत, मुखवट्याची डोळ्यांची भोके मोठी ठेवावीत आणि जिन्यातला दिवा चालू ठेवावा. गच्चीवर कठडा कमी उंचीचा असेल तर डोळे बांधून खेळायचे खेळ खालीच घ्यावेत. पाण्याची बादली, प्रथमोपचाराचा डबा आणि पालकांचे फोन क्रमांक दाराशी असावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. एखादे मूल घाबरून रडू लागले तर दिवा लावून त्याला मुखवट्यामागचा चेहरा दाखवावा, स्वयंपाकघरात नेऊन घारगा द्यावा आणि परत अंधारात येण्याचा आग्रह धरू नये.

आवराआवर त्याच रात्री करावी. उष्टे आणि भोपळ्याची साल ओल्या कचऱ्यात, कागद-पुठ्ठा सुक्यात, म्हणजे सकाळी घंटागाडीत अडचण येत नाही. आत मेण सांडलेले नसेल तर भोपळ्याचे तुकडे करून कुंड्यांच्या खतात टाकता येतात. लगद्याचे मुखवटे कोरड्या फडक्यात, कडुनिंबाच्या पाल्यासह माळ्यावर ठेवले की शाळेच्या स्नेहसंमेलनालाही उपयोगी पडतात.